डॉक्टरणीच्या वाटणीच्या कुकीज

ट्रे रिकामा होता.

वाफबाई न्हाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आली. एका हातात पुठ्ठ्याचे तीन चपटे डबे, दुसऱ्या हातात गुलाबी फीत. आणि बघते तर काय, ओट्यावरच्या ट्रेमध्ये नुसता बटरपेपर. त्यावर तपकिरी गोल गोल डाग आणि एका कडेला मार्शमेलोचा चिकटून राहिलेला पांढरा तुकडा. कुकी एकही नाही!

वाफबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉटेलांच्या चादरी आणि टेबलक्लॉथ धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती वाफेच्या इस्त्रीवर काम करायची, आणि स्वभावही त्या इस्त्रीचाच, जरा दाबलं की फुस्स. मैत्रिणींनी नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. तिलाही ते आवडायचं, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाबा, कुकीज कुठायत?"

सासरे टेबलाशी पेपर वाचत बसले होते. पेपरच्या आडूनच म्हणाले, "कुठल्या?"

"बाबा, पेपर खाली घ्या."

पेपर हळूच खाली आला. पांढऱ्याशुभ्र मिशीला चॉकलेट लागलं होतं.

"मी दोनच खाल्ल्या हं सूनबाई. चहाबरोबर. झकास झाल्यात! फक्त ते आतलं पांढरं काय होतं कोण जाणे, कवळीला चिकटत होतं."

"आणि बाकीच्या?"

"त्या तुझ्या नवऱ्यानं नेल्या. म्हणाला, मित्रांना चाखवतो."

"कशात नेल्या?"

"तो नाही का, आपला स्टीलचा उभा डबा."

उभा डबा! वाफबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या डब्यात म्हणजे एकावर एक. म्हणजे काल संध्याकाळभर जे मार्शमेलो तिनं मऊ, फुगीर, टोपीसारखे गोल राहावेत म्हणून जिवापाड जपले, ते आता पार चेपून गेले असणार. बरं, न्यायच्या होत्या तर नीट तरी न्यायच्या की नाही? तेवढीही अक्कल नको?

हे काही येता जाता होणारं काम नव्हतं हो. आधी कोकोचं पीठ मळायचं, गोळे करून ओव्हनमध्ये घालायचे, आणि पुरते भाजायच्या जरा आधीच बाहेर काढायचे. मग प्रत्येक कुकीवर अर्धा मार्शमेलो, कापलेली बाजू खाली, अलगद टेकवायचा. मार्शमेलो कापायची कात्री दर वेळी पाण्यात बुडवायची, नाहीतर ती असली चिकटते की बोटांसकट सोडवून घ्यावी लागते. पुन्हा थोडा वेळ ओव्हन, मार्शमेलो जरासा फुगेपर्यंतच. क्षणभर नजर हलली की तो फसकन बसतो आणि पाघळतो. आणि सगळं गार झाल्यावर वरून चॉकलेटचं आयसिंग ओतायचं. ते उघड्यावरच वाळलं पाहिजे. झाकलं की त्याला घाम सुटतो आणि सगळं चिकचिक होऊन बसतं.

दर वर्षी व्हॅलेंटाइनला ती हे करायची, आणि करायची ते तिघी मैत्रिणींसाठी. नवऱ्यासाठी नाही, पोरांसाठी नाही. त्यांच्यासाठी वर्षभर रांधायची तेवढं पुरे होतं. लॉन्ड्रीत या दिवसाचं फार कौतुक नव्हतं. दुसऱ्यांनी मेणबत्त्या लावून हातात हात घेऊन जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी यांनी त्या टेबलक्लॉथवरचं मेण खरवडायचं, वाइनचे डाग काढायचे, रुमालांवरची लिपस्टिक घासायची. लोकांचं प्रेम उतू जायचं आणि पुसायला या चौघी. मग एका वर्षी वाफबाई चिडून म्हणाली, "आपल्याला कुणी काही देत नाही ना? मरू देत! मी देते." तेव्हापासून हे सुरू झालं.

उंच ती शिडी, तिच्या कुकीवर अक्रोड. बुटकी ती चिंगी, तिला अक्रोड चालत नाही, ओठ सुजतात, म्हणून तिच्या साध्या. आणि डॉक्टरीण. ती काही डॉक्टर नव्हती, पण कुणाला खोकला आला, पाठ धरली, झोप लागेनाशी झाली की सगळ्या आधी तिलाच विचारायच्या. डॉक्टरणीला फार गोड आवडायचं नाही. तिच्या कुकीजच्या आयसिंगमध्ये कॉफी आणि चिमूटभर मीठ. त्यांची ओळ वेगळी.

आणि आज डॉक्टरणीचा लॉन्ड्रीतला शेवटचा दिवस होता. दुपारी ती एप्रन काढून खुंटीला लावणार आणि संध्याकाळच्या गाडीनं कायमची दुसऱ्या गावी जाणार. काल निघताना तिनं वाफबाईचा हात धरून म्हटलं होतं, "उद्या आणशील ना गं? तेवढंच माझ्याबरोबर नेईन म्हणते." वाफबाई म्हणाली होती, "म्हणजे काय! न आणून सांगते कुणाला?"

आता काय तोंड दाखवायचं?

"पण सूनबाई," सासरे मिशी पुसत म्हणाले, "उघड्यावर होत्या ना त्या?"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं. या घरात नियम होता आणि तो तिनंच केला होता. फार पूर्वी तिनं केसांना लावायला दह्यात अंडं फेटून ठेवलं होतं, तर सासऱ्यांनी ते पावाबरोबर खाऊन टाकलं, आणि वर मीठ कमी आहे म्हणाले. त्या दिवशी तिनं सगळ्यांना उभं करून बजावलं, की झाकलेलं ते माझं, त्याला हात लावायचा नाही. उघडं ते सगळ्यांचं, खुशाल खा. घरानं तो नियम इमानेइतबारे पाळला. कुणीही कधीही झाकणाला हात लावला नाही. आणि काल रात्री आयसिंग वाळायला हवं म्हणून तिनं ट्रे उघडा ठेवला, आणि नियम डोक्यात आलाच नाही.

"उघड्यावर होत्या," ती म्हणाली, "पण मी घरात होते की नाही? मध्ये बाथरूमचं एक दार होतं. टकटक करून विचारायला काय हाताला फोड आले होते?"

सासऱ्यांनी पुन्हा पेपर वर घेतला.

केस ओलेच बांधून, पुठ्ठ्याचे डबे आणि फीत तशीच हातात घेऊन ती निघाली. नवऱ्याचं ड्रायव्हिंग स्कूल दोन गल्ल्यांपलीकडे होतं. एरवी ती रमतगमत जायची, आज चपला आपटत गेली. वाटेत ओळखीच्या फुलवालीनं हाक मारली तर तिच्याकडेही तिनं असं पाहिलं, की ती बिचारी मुकाट्यानं गुलाबांवर पाणी मारायला लागली.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात लाकडी खोक्याला लावलेलं स्टिअरिंग, त्यावर नवखे शिकाऊ हात साफ करायचे. मधल्या टेबलावर चहाचे पेले आणि स्टीलचा उभा डबा. भोवती तिचा नवरा, ज्याला सगळं गाव मास्तर म्हणायचं, त्याचा जोडीदार जाड्या, आणि गाड्यांचा मेकॅनिक. तिघांचीही तोंडं भरलेली.

"वहिनी! या, या!" जाड्या खुर्ची सरकवत उठला. "काय केल्यात हो कुकीज! मास्तर तर आल्यापासून हवेत आहेत. म्हणतात, बायकोनं व्हॅलेंटाइनच्या केल्या, खास माझ्यासाठी!"

मास्तर हसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नाच्या वेळी व्हायच्या तशा.

वाफबाईला क्षणभर कसंसंच झालं. माणूस खरंच खूश होता. चोरी केल्यासारखा नव्हता, मिरवत होता. पण मग तिची नजर डब्यात गेली. एकावर एक चेपलेल्या, मार्शमेलो बाजूनं बाहेर आलेले, एकीचं आयसिंग दुसरीच्या बुडाला चिकटलेलं. आणि तिचा कळवळा जिथल्या तिथे विरला.

"भावोजी," ती आधी जाड्याकडे वळली, "तुम्हाला साखर आहे. त्या पायाच्या जखमेनं किती दिवस छळलं, विसरलात? ठेवा ती खाली."

जाड्यानं अर्धी खाल्लेली कुकी गुपचूप डब्यात परत टाकली.

"डब्यात नको! बशीत ठेवा!" ती ओरडली आणि नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही. सांगा, कुणासाठी होत्या या?"

मास्तरांचं हसू ओसरलं. "अगं, म्हणजे काय? मला वाटलं यंदा तुलाच आठवण झाली. आपल्या दोघांचं..."

"आपल्या दोघांचं! तुम्ही काय आणलंत माझ्यासाठी?"

"मी म्हटलं, तू सुरुवात केलीच आहेस तर संध्याकाळी बघू."

मेकॅनिकला एकदम खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," वाफबाई म्हणाली. "बटर आणायला पाठवलं तेव्हा सांगितलं. परवा जेवताना सांगितलं. काल ओव्हन लावताना सांगितलं. दर वेळी तुम्ही काय म्हणालात? हं! या 'हं'चा अर्थ काय हो? ऐकलं असा, की जाऊ दे असा?"

"कामावरच्या बायकांसाठी होत्या होय?"

"कोण बायका?"

"अगं त्या... तुझ्याबरोबरच्या."

"कोण? सांगा ना. किती वर्षं झाली मला तिथे? एक तरी सांगा."

मास्तरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. तिथे फक्त वळणं आणि प्रवेशबंदी होती. "ती एक नाही का, चष्मेवाली..."

"आमच्यात कुणालाच चष्मा नाही."

"मग ती... जिचा मुलगा परदेशात असतो."

"ती तुमच्या मावशीची शेजारीण!"

मेकॅनिकला ठसका लागला. ठसका कसला, हसू होतं ते. पण वाफबाईला हसू येत नव्हतं, उलट डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि त्यानं तिचा संताप आणखी वाढला. तिला जाड्याची साखर माहीत होती. मेकॅनिकच्या बायकोचं दुसरं बाळंतपण किती अवघड गेलं ते माहीत होतं, तिला दवाखान्यात डबा हिनंच पोचवला होता. नवऱ्याच्या शाळेतल्या मित्रांची भांडणंसुद्धा तिला तोंडपाठ होती. आणि या माणसाला तिच्या आयुष्यातली एक मैत्रीण धड सांगता येऊ नये!

"हे बघ, उघड्यावर होत्या," मास्तर शेवटी म्हणाले. "नियम तुझाच आहे."

"नियम माझा. ट्रे उघडा ठेवला ती चूकही माझी. मान्य! पण त्यात कॉफी घातलेल्या, अक्रोड लावलेल्या, साध्या, अशा तीन वेगवेगळ्या ओळी होत्या. तुम्हाला तर साधी कॉफी चालत नाही, पित्त होतं. एवढं तरी डोक्यात यायला नको, की बाई तुमच्यासाठी कॉफीच्या कशाला करेल?"

"म्हणूनच त्या कडवट लागल्या," जाड्या पुटपुटला. "आम्ही बाजूला काढून ठेवल्या."

"कुठे?"

डब्याच्या झाकणात त्या ठेवल्या होत्या. डॉक्टरणीची जवळजवळ सगळी ओळ. चेपलेली, एकीचा तुकडा मोडलेला, पण होती. वाफबाईनं झाकण उचललं, आणलेल्या पुठ्ठ्याच्या एका डब्यात एकेक कुकी आडवी लावली, फीत बांधली. घाईत गाठ वेडीवाकडी बसली. शिडीच्या आणि चिंगीच्या कुकीज मात्र या तिघांच्या पोटात गेल्या होत्या, आणि डब्यात उरलेल्यांचा तर लगदा झाला होता, त्याला आता इलाज नव्हता.

मग तिनं तो डबा मास्तरांच्या हातात दिला.

"चला. तुम्ही स्वतः नेऊन द्यायच्या. आणि बाकीच्यांचं काय झालं ते तुम्हीच सांगायचं."

"अगं, माझी शिकवणी आहे आता."

"भावोजी घेतील. काय हो भावोजी?"

"घेतो की!" जाड्या घाईघाईनं म्हणाला. बशीतल्या अर्ध्या कुकीकडे बघायचीही त्याची छाती नव्हती.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच होती, डोक्यावर शिकाऊची पाटी असलेली. मास्तर चालवायला बसले, वाफबाई शेजारी, जिथे एरवी मास्तर बसतात. तिथे शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक असतो. तो नेमका तिच्या पायाखाली आला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू उगाच मनाला लावून घेतेस. शेवटी कामावरच्याच तर बायका. आज आहेत, उद्या..."

वाफबाईनं ब्रेक दाबला.

गाडी भर रस्त्यात खाडकन थांबली. मागच्यांनी भोंग्यांचा नुसता कल्ला केला. मास्तर स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिले.

"अगं, जीव घेशील!"

"बोला ना पुढे. उद्या काय?"

मास्तरांनी गाडी पुन्हा सुरू केली. लॉन्ड्रीच्या फाटकाशी येईपर्यंत त्यांनी दर चौकात आधी तिच्या पायाकडे बघून घेतलं.

लॉन्ड्रीत मास्तर आजवर कधी आत आले नव्हते. फार तर फाटकाशी येऊन भोंगा वाजवायचे. आत वाफेनं खिडक्या आंधळ्या झाल्या होत्या. इस्त्रीच्या मोठ्या रोलरमधून लाल टेबलक्लॉथ एकामागून एक सरकत बाहेर येत होते. हॉटेलवाल्यांना आजच्या दिवशी सगळं लालच लागायचं, आणि तो लाल रंग सुटतो म्हणून ते वेगळे धुवावे लागायचे. रोलरच्या एका टोकाला शिडी, दुसऱ्या टोकाला चिंगी, आणि घड्या घालायच्या टेबलाशी डॉक्टरीण. पिकलेल्या केसांचा अंबाडा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हात लालबुंद.

"आली गं वाफ!" चिंगी ओरडली, आणि मागे मास्तरांना पाहून तिनं रोलरच बंद केला.

"या तिघी," वाफबाई म्हणाली. "आणि हे आमचे. यांना काही सांगायचंय."

मास्तर डबा छातीशी धरून उभे राहिले. रोज नव्या माणसांना चारचौघांत ओरडून शिकवणारा माणूस, पण आज बोलला तो डब्याच्या फितीकडे बघत. "त्या कुकीज," ते म्हणाले, "तुमच्या होत्या. मी नेल्या. मित्रांना दिल्या. मला वाटलं... म्हणजे मी विचारलंच नाही. एवढ्याच राहिल्यात. तुमच्यापैकी कॉफीच्या कुणाच्या?"

"माझ्या," डॉक्टरीण म्हणाली. तिनं हात पुसले, फीत सोडली, मोडकीच कुकी उचलून घास घेतला. मग दोन कुकीज डब्यातून काढून एक शिडीला, एक चिंगीला दिली. "चेपली तरी चव कुठे जाते? आणि भावोजी, तुम्ही असे उभे का? गुडघा दुखत असेल. जिने चढणं कमी केलंत ना सांगितल्याप्रमाणे? आणि शेकता ना?"

मास्तरांचा हात गुडघ्याकडे गेला.

"ते शेकायचं सांगणाऱ्या तुम्ही होतात?"

"मग काय! आणि झोपेत अजून ब्रेक मारता का हो?" शिडीनं विचारलं. "मध्ये म्हणे हिच्या नडगीवर काळंनिळं झालं होतं."

"तुमच्या बाबांची नवी कवळी बसली का नीट?" चिंगी म्हणाली. "आणि धाकट्याचं गणित? मी माझ्या भाच्याची पुस्तकं पाठवली होती, ती उपयोगी पडली का?"

पुस्तकं मास्तरांनी पाहिली होती. टेबलावर महिनाभर होती ती. कुठून आली हे त्यांनी विचारलं नव्हतं. ते एकीकडून दुसरीकडे बघत राहिले, आणि चेहरा उतरत गेला. या तिघींना त्यांचं सगळं घर माहीत होतं, त्यांच्या झोपेपर्यंत. आणि त्यांनी एवढंही कधी विचारलं नव्हतं, की अगं, तू दिवसभर असतेस कुणाबरोबर?

वाफबाई बाजूला हाताची घडी घालून उभी होती. एरवी ती मध्ये पडली असती. नवरा अडखळला की शब्द पुरवायची तिला सवयच होती. लग्नकार्यात, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत, सगळीकडे त्याच्या वतीनं तीच बोलायची. आज तिनं ओठ घट्ट मिटून धरले.

"तुम्ही... आज शेवटचा दिवस ना तुमचा?" मास्तर डॉक्टरणीला म्हणाले. एवढं तरी कुठल्यातरी 'हं'मधून त्यांच्या कानावर पडलं होतं. "कुठे चाललात? आणि का?"

पण हे विचारताना त्यांनी सवयीनं बायकोकडेच पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" वाफबाई म्हणाली. "ती समोर उभी आहे. तिला विचारा."

मास्तर वळले. डॉक्टरणीकडे नीट, पहिल्यांदा पाहिलं, आणि तोच प्रश्न पुन्हा, हळू आवाजात विचारला.

डॉक्टरणीनं बोटाला लागलेलं चॉकलेट पुसलं आणि घड्यांच्या टेबलाखालचं स्टूल पायानं पुढे ढकललं.

"बसा, भावोजी," ती म्हणाली. "वेळ लागेल."

ते बसले. वाफबाईनं रोलर चालू केला, पुढचा लाल टेबलक्लॉथ ओढून घेतला आणि तो जरा जास्तच जोरात झटकला. तिचा राग अजून गेला नव्हता.